खालच्याची चावी

आधी नाव लिहिते, मग काय घडलं ते सांगते. यशूबाय. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली यशूबाय. आज माझ्या डोक्यावर छप्पर आहे, महिन्याच्या महिन्याला पगार होतो, आणि वाशीमकडे भावाच्या दारात पिशवी घेऊन उभं राहावं लागत नाही, ते तिच्यामुळे. आभाराचं नाव लोक शेवटी घेतात. पण माझा स्वभाव भित्रा, शेवटापर्यंत धीर टिकेलच असं नाही. शिवाय हे नाव मी एकदा चुकीच्या जागी लिहिलेलं आहे. म्हणून ह्या वेळी पहिल्याच ओळीत.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माशाशी बोलत होती.

चौलच्या नारळी-सुपारीच्या वाड्या संपतात तिथं, समुद्राच्या बांधाला लागून, माशांच्या अभ्यासाचं एक छोटं केंद्र आहे. त्याच्या मागच्या अंगाला बरण्यांची खोली. खिडक्यांच्या काचांना काळा रंग दिलेला, उजेडानं मासे फिके पडतात म्हणून. मांडण्यांवर शेकडो बरण्या, प्रत्येकीत स्पिरिटमध्ये बुडवलेला एक मासा, आणि वर इंग्रजीत चिठ्ठी. मी झाडलोटीला लागले त्या दिवशी अमावास्या होती. दुपारचे साडेबारा झाले असतील. बाहेर डोळे उघडवत नव्हते एवढं ऊन, आणि आत संध्याकाळ. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाचं दार बोटभर उघडून एक म्हातारी आत विचारत होती, "आमचा मानूस बघितलास का रं?"

मग ती थांबली. आपण कुणाला काही विचारून थांबतो तशी, मान जरा कलती करून. थोड्या वेळानं दार लावलं, कुलूप घातलं, चावी कमरेला खोचली आणि मागं वळून मला म्हणाली, "नाय सांगत. आज पन नाय."

मी तिथूनच परत जाणार होते. पण परत जायला कुठं जागा नव्हती. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. नववीला दुसऱ्या गावी जावं लागे. त्याच वर्षी माय गेली आणि तीन भावांच्या भाकरी माझ्याकडं आल्या, ती शाळा तिथंच राहिली. पुढं भावांची लग्नं झाली, भाकरी करणाऱ्या आल्या, मी जास्तीची झाले. अलिबागकडे बंगल्यांची बांधकामं चालू होती, तिथं मजुरांच्या खानावळीत राबायला आमच्याकडच्या तिघी आलो. काम संपलं, दोघी घरी गेल्या. मी भावाला फोन केला तर वहिनीनं उचलला आणि म्हणाली, यंदा सोयाबीनची पोती ठेवायलाच खोली पुरत नाही. मला काय समजायचं ते समजलं.

यशूबाय तेव्हा साठीला टेकलेली. कोळी पद्धतीचं घट्ट लुगडं आणि त्यावर केंद्रानं दिलेला निळा कोट. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मी कापसाच्या मुलखातली कळल्यापासून तिनं माझं रेखा हे नाव एकदाही घेतलं नाही. "काय गो कापशे, दर्या बघितलास का कवा?" मी म्हटलं, नाही, आमच्याकडं तळं आहे. त्यावर ती अशी हसली की बाजूच्या बरणीवरची चिठ्ठी ओठाच्या वाऱ्यानं हलली.

तिला अक्षर येत नव्हतं. तीसेक वर्षांमागं केंद्रातल्या तेव्हाच्या मोठ्या सरांनी तिला बंदरावरून आणलं होतं, जाळ्यातला मासा चटकन निवडणारी म्हणून, आणि मग ती बरण्यांचीच झाली. चिठ्ठ्या तिच्या उपयोगाच्या नाहीत. ती सकाळी आल्यावर मांडण्यांच्या कडेनं नाक फिरवत जाई आणि मधेच थांबून म्हणे, हिचं झाकण गळतंय. गळत असायचंच. ताजा मासा आला की डोळे मिटून सांगे, हा काठाचा, हा दोन दिवस आतला. तिचं एक म्हणणं होतं: "जितका वास, तितकं घर खोल." मला वाटलं म्हातारीचं काहीतरी. पण एकदा आताचे सर म्हणाले, ते खरं आहे. खोल पाण्याचा भार सोसायला माशाच्या अंगात एक द्रव्य असतं. मासा जितका खालचा तितकं ते जास्त, आणि मासा मेला की त्याचाच वास सुटतो. सर म्हणाले, आम्ही हे पुस्तकात वाचलं, हिनं नाकानं वाचलं.

लोखंडी कपाटातला मासा त्या हिशोबानं सगळ्यात वासाचा. बाय त्याला 'खालचा' म्हणायची. इंग्रजीत त्याचं नाव गोगलगाईवरून आहे म्हणे. मोठे सर एका परदेशी जहाजावर गेले होते, तिथून त्यांनी तो आणला. सात किलोमीटर खालून. मी हिशोब केला: आमच्या गावाहून तालुक्याला जायला जितकं अंतर, तेवढं उभं खाली. तिथं सूर्य कधीच पोचलेला नाही. बायनं दार उघडून मला तो दाखवला तेव्हा मला वाटलं होतं दात-सुळे असतील, राक्षस असेल. तसलं काही नव्हतं. वीतभर लांब, पांढरट, खवले नाहीत, अंगावर कातडीसुद्धा सैल, मापात नसलेलं झबलं घातल्यासारखी. डोकं गोल. डोळे मोहरीएवढे. तान्ह्या लेकराचं तोंड असतं तसं तोंड, झोपेत हसल्यासारखं. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"बोंबलाचा सख्खा भाव हाय," बाय म्हणाली. "बोंबील कसा, नुसतं पानी. तसाच. खाली व्हता तवा भार धरून व्हता. वर काढलान तर अंगच सुटलं. घाई केलीस का सुटतंच, कापशे."

तिचा नवरा होडी घेऊन गेला तो आला नाही. लग्नाला चार वर्षं झालेली, पोर मांडीवर. होडी दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी सापडली, पालथी. कोळीवाड्यातले म्हणाले, थांब, दर्या ठेवून घेत नाही, तिसऱ्या दिवशी परत देतो. तिसरा दिवस गेला, तेरावा गेला. त्यानं परत दिलंच नाही. आणि परत दिलं नाही तर कुंकू कसं पुसायचं, म्हणून तिनं पुसलं नाही. पुढं खालचा आला. मोठ्या सरांनी तिला सांगितलं होतं की वरून जे बुडतं ते सगळं हळूहळू खाली जातं आणि ह्या माशांच्या दारात पोचतं. त्या दिवसापासून ती विचारत होती. दर अमावास्येला आणि पुनवेला, कारण त्या दिवशी उधाण असतं आणि आमच्या किनाऱ्याला भरती भर दुपारी चढते.

मी एकदा धीर करून म्हटलं, बाय, हा मासा आपल्या समुद्रातला नाही, फार लांबचा आहे.

"पानी येकच हाय," ती म्हणाली.

उधाणाच्या दुपारी त्या खोलीत काय होतं ते सांगायला हवं. लाट बांधावर आपटली की भिंतीतून एक हिसका येतो, आणि सगळ्या बरण्यांतलं स्पिरिट वरच्या अंगाला शहारतं. एकाच वेळी, शेकडो बरण्यांत. आतले मासे जरासे डुलतात. मग थांबतात. मग पुढची लाट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दाराची कडी धरून उभी राहिले. बाय झाडू मारत राहिली. म्हणाली, "बलावतोय त्यांना. जातील कुठं बिचारी." आणि वर हेही म्हणाली की दर्यात दोन जातीचे मासे असतात: एक जाळ्यात येणारे, दुसरे जाळ्याकडं बघणारे.

आता माझी चूक.

मला लागून चार महिने झाले होते. सहा महिन्यांचा कागद होता. पुढं ठेवायचं की नाही ते सर ठरवणार होते. पुढच्या आठवड्यात वरचे साहेब खोली बघायला येणार म्हणून सर मुंबईला गेले आणि जाताना सांगून गेले, बरण्या लखलखीत करा. बाय त्या सकाळी बंदरावर गेलेली, चावी माझ्याकडं देऊन. मी कपाट उघडलं. खालच्याचं पाणी पिवळं पडलेलं दिसलं. आमच्या घरी लोणच्याच्या लिंबांचं मिठाचं पाणी गढुळलं की माय ते ओतून नवं घालायची. मी तेच केलं. पिवळं ओतलं आणि डब्यातलं स्वच्छ स्पिरिट भरलं. ते नुसतं घालायचं नसतं. सात मापं स्पिरिट आणि तीन मापं बॅटरीत घालतात तसलं पाणी, असं असतं. बायनं मला दोनदा सांगितलेलं. घाबऱ्या माणसाला सांगितलेलं तेवढंच आठवत नाही.

दुपारी मी फडकं ठेवायला म्हणून कपाट उघडलं.

तो वळलेला होता. सकाळी त्याचं तोंड भिंतीकडं होतं, आता माझ्याकडं. आणि तोंड उघडं होतं. गोल गाल गेले होते, कातडी हाडांना चिकटत आत गेलेली, आणि तिच्याखाली जो इतकी वर्षं झाकलेला होता तो दिसत होता: कवटी, आणि तांदळाच्या कणीसारख्या दातांची ओळ. मोहरीचे डोळे बाहेर आले होते. तो आकसतोय हे मला कळलं नाही. मला वाटलं, तो जागा झाला. मी खाली बसले ती बसलेच.

बाय आली ती दारातच थांबली. तिनं खालच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नुसता श्वास घेतला. "कच्चं इस्पिरिट," म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "ऊठ. भ्यायचं, पन हात थरथरू द्यायचा नाय. पानी आन."

तिनं परातीत माप धरून मिश्रण केलं, नऊ मापं स्पिरिटला एक माप पाणी. हात त्यात बुडवून ओला केला आणि बरणीत घालून खालच्याला तळव्यावर उचलला. मला वाटलं आता तो हातात तुटणार. ती त्याला म्हणाली, "ये रं बाला, ये." तो दिवस त्याच पाण्यात. दुसऱ्या दिवशी पाणी थोडं जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी थोडं. मी म्हटलं, बाय, साहेब येतील, एकदम का नाही घालत? ती म्हणाली, "वर आनताना घाई केलेली तवा त्याचं अंग सुटलं. आता तू पन घाई करतेस?" पाच दिवस आम्ही असं केलं. ती घरी जेवायलासुद्धा गेली नाही, सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी तिथंच. मला ती घास भरवायची.

पाचव्या दिवशी गाल परत आले, बरेचसे. पण तोंड उघडंच राहिलं. आणि बरणीत कसाही ठेवला तरी तो दाराकडं वळायचा. शेवटचं पाणी मी भरलं. पाणी आटून तो पुन्हा आकसायला नको म्हणून अगदी काठोकाठ भरलं आणि झाकण दाबून लावलं.

बायनं नोंदवही माझ्यापुढं ठेवली. खोलीत काय झालं, कुणाच्या हातून झालं, ते तीत लिहायचं असतं. "लिव," ती म्हणाली. "तो काय आता तोंड मिटनार नाय. सर बघतीलच. माजं नाव लिव."

मी म्हटलं, माझ्या हातून झालं.

"तुजा कागद सा महिन्याचा. मी ह्या वर्साला निवृत्त. माजं काय काढून घेतील? दात तर कवाच गेले."

तिला वाचता येत नव्हतं. मी काहीही लिहू शकले असते. माझं नाव लिहून तिला वाचून दाखवताना तिचं म्हटलं असतं, तरी तिला कळलं नसतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. नंतर सुचलं असं म्हणणं खोटं होईल. मी पेन हातात धरलं. वहिनीचा आवाज, सोयाबीनची पोती, सगळं डोळ्यांपुढं आलं. आणि मी लिहिलं: यशोदाच्या हातून नजरचुकीनं. कागदोपत्री बायचं नाव यशोदा.

सर आले, कपाट उघडलं, वही वाचली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हात पुढं करून म्हणाले, यशोदा, चावी दे. आणि ती चावी त्यांनी मला दिली. म्हणाले, तू शिकलेली आहेस, तू सांभाळ.

काढून घेण्यासारखं काय आहे ह्याचा विचार आम्ही दोघींनी केला होता. चावीचा केला नव्हता.

त्या दिवसापासून बायला खोलीत येणं बंद. तिला अंगण दिलं. माडाच्या झावळ्या ओढायच्या, पाला गोळा करायचा.  ती अमावास्येला दुपारी काळ्या खिडकीबाहेर येऊन उभी राहिली आणि बाहेरून काचेवर बांगडी वाजवली. "कापशे, इचारलंस का?"

मी म्हटलं, विचारलं. नाही सांगत.

मी विचारलं नव्हतं. त्या तोंडासमोर उभं राहायचं माझं धाडस नव्हतं. पुनवेलाही तेच सांगितलं, पुढच्या अमावास्येलाही. ती "बरं" म्हणून जायची. मग एकदा पुनवेला मला त्या "बरं"ची लाज वाटली. मी कपाट सताड उघडलं आणि म्हटलं, यशूबायचा माणूस बघितला का? माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाहेर उधाण होतं. लाट आपटली, भिंतीतून हिसका आला, माझ्या मागं सगळ्या मांडण्यांवर शेकडो बरण्या शहारल्या. खालच्याची बरणी हलली नाही. मी पुढची लाट पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. सगळ्या हलत होत्या. त्याचं पाणी काचेसारखं उभं, आणि तो त्यातून माझ्याकडं बघत होता.

बांगडी वाजली. मी धावत बाहेर गेले आणि जे पाहिलं ते सांगितलं.

बाय पायरीवर बसली.  मग म्हणाली, "मंग बघितलाय त्यानं. म्हनून गप हाय."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. हातात बांगड्या नव्हत्या. इतकी वर्षं जिथं कुंकू होतं तिथं कातडी उजळ होती, गोल, जणू दुसरं कुंकू. मी तोंड वळवलं. तीच म्हणाली, "नको रडूस गो. सुटले मी. आता मना निजायला येईल." त्यानंतर तिनं काचेवर कधी टकटक केली नाही. करायला हातात बांगडीही नव्हती. तेवढ्यात वर्ष संपलं, ती निवृत्त झाली, आणि दीड महिन्यात साध्या तापानं गेली. सुनेनं सांगितलं की शेवटचे दिवस ती नुसती झोपायची, लहान पोर झोपतं तशी.

तिच्या तेराव्यानंतर बरण्या पुसताना माझ्या लक्षात आलं. बाकी सगळ्या बरण्यांत वर दोन बोटं जागा मोकळी असते. पाणी हलतं ते त्या जागेत. खालच्याची बरणी मी काठोकाठ भरली होती. हलायला जागाच नव्हती. मी घाबरून भरलेल्या दोन बोटं पाण्यानं बायचं कुंकू पुसलं गेलं होतं.

मी त्याच दिवशी पिचकारीनं दोन बोटं पाणी काढून घेतलं. मग अमावास्येची वाट पाहिली. भरती चढली, लाट आपटली, सगळ्या बरण्या हलल्या. त्याची नाही. पुनवेलाही नाही. आता त्याला बरेच महिने झाले. कदाचित ते कपाट जड लोखंडी आहे म्हणून असेल. आधी ती बरणी हलायची का, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि जिनं पाहिलं होतं ती राहिली नाही. मी मात्र दर उधाणाला विचारते. आता दोघांचं विचारते.

माझा कागद दोनदा वाढवून मिळाला. चावी माझ्या कमरेला असते. नोंदवही त्याच कपाटावर आहे आणि त्या पानावर बायच्या नावाखाली एक ओळ कोरी आहे. मी ती दर आठवड्याला पाहते आणि पेन परत ठेवते. भीती अजून गेलेली नाही. पण बाय, तू म्हणायचीस तसं, भ्यायचं, पण हात थरथरू द्यायचा नाही. त्या ओळीवर मी एक दिवस माझं नाव लिहीन, आणि तुझ्या नावावर रेघ ओढून ते सरांना मोठ्यानं वाचून दाखवीन. चावी मागितली तर देईन.